माघात फुलणारा गुलाब

डहाणूचा गुलाब पाहायचा असेल तर माघात यावं. पंचांग वसंत ऋतू चैत्र-वैशाखात धरतं, पण चैत्र उजाडेपर्यंत या किनाऱ्यावरचा गुलाब उन्हाने पार शिणलेला असतो. फूल लहान पडतं, रंग विटतो, दुपारच्या आत पाकळ्यांच्या कडा करपतात. चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते, तेव्हा घराघरांतल्या गुलाबाचा बहर आटोपलेला असतो. बहर येतो तो संक्रांत ओलांडल्यावर. रात्री अजून पांघरूण लागतं, पहाटे वाडीत दंव असतं आणि नऊ वाजेपर्यंत लख्ख ऊन पडतं. माघ शुद्ध पंचमीच्या, म्हणजे वसंत पंचमीच्या सुमारास, एकाच झाडावर मिटलेल्या कळ्या, उमललेली फुलं आणि बुडाशी पाकळ्यांचा सडा असं सगळं एकदम दिसतं. शिमग्यापर्यंत हे चालतं.

रानातला वसंत वेगळा. डहाणू रोड स्टेशनवरून पूर्वेला गंजाड-कासाकडे किंवा उत्तरेला तलासरी-उधव्याकडे निघालं की याच दिवसांत काटेसावर, पांगारा आणि पळस पानं टाकून फुललेले दिसतात. पाठोपाठ मोहाची फुलं टपटपू लागतात आणि पहाटे टोपल्या घेऊन माणसं झाडाखाली जमतात. ही झाडं इथलीच. त्यांना कुणी खत घातलेलं नसतं, कुणी पाणी दिलेलं नसतं. गुलाबाचं तसं नाही. अंगणातला माघ आधीच्या आश्विनात ठरतो. पाऊस गेल्यावर त्या घरातल्या कुणीतरी हातात कातर घेतलेली असते, म्हणून फेब्रुवारीत फूल दिसतं. जिथे तो हात थांबला तिथे उंच, खरबरीत काटेरी काड्या उरतात आणि टोकाला एखादं केविलवाणं फूल.

या भागाचे दोन पट्टे इथली माणसं सहज बोलण्यात सांगतात: बंदरपट्टी आणि जंगलपट्टी. चिंचणी, वरोर, वाढवण, डहाणू, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी आणि तलासरी तालुक्यातली झाई ही बंदरपट्टी. समुद्राकाठी सुरूची झाडं, मागे रेताड जमीन, आणि मग चिकूच्या वाड्या. या चिकूला २०१६ मध्ये 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. जंगलपट्टी लोहमार्गाच्या पूर्वेला सुरू होते. तांबडी, मुरमाड जमीन, भाताची खाचरं, टेकड्यांच्या उतारावरचे पाडे. तलासरी तालुक्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास वस्ती आदिवासींची, त्यातही वारल्यांची जास्त. या दोन्ही पट्ट्यांत गुलाब आहे, पण त्याची जागा वेगळी. वाडीत चिकूची सावली बारमाही गर्द असते आणि गुलाबाला दिवसाचं किमान पाच-सहा तास ऊन लागतं. त्यामुळे वाडीतला गुलाब घरासमोरच्या मोकळ्या पट्ट्यात, विहिरीच्या कडेला, फाटकापासून ओट्यापर्यंतच्या वाटेवर असतो. पाड्यावर तो कुडाच्या भिंतीशी, तुळशीजवळ, किंवा भांडी घासायच्या दगडाशेजारी असतो. तिथे त्याला रोजचं खरकटं पाणी आपसूक मिळतं.

माघातच का, हे समजून घेण्यासारखं आहे. गुलाबाला दिवसा पंचवीस-अठ्ठावीस अंश आणि रात्री पंधराच्या आसपासचा गारवा मानवतो. डहाणूला फेब्रुवारीत रात्रीचा पारा सतरा-अठरा अंशांपर्यंत उतरतो आणि आकाश निरभ्र असतं. दिवसभर पानांनी उन्हात साखर तयार करायची आणि गार रात्री ती कमी खर्च करायची, असा हिशेब जमतो. उरलेली साखर कळीला मिळते. कळी सावकाश वाढते, म्हणून पाकळी मोठी आणि जाड होते, रंगद्रव्यही जास्त साठतं. हेच झाड एप्रिलच्या अखेरीस पाहावं. रात्रीही उकडत असतं, कळी घाईने फुटते, फूल निम्म्या आकाराचं आणि फिकट होतं. झाड तेच, माती तीच. फरक रात्रीचा.

सकाळी सातच्या आत झाडाशी उभं राहिलं तर हे नीट दिसतं. बाहेरच्या पाकळ्या मागे वळून त्यांच्या कडा किंचित हिरवट-पांढऱ्या झालेल्या असतात. आतल्या अजून एकमेकींवर घट्ट. मधल्या खोलगट जागेत दंव साचलेलं असतं आणि त्यात हमखास एखादी मुंगी किंवा फुलकिडा. पानं दातेरी, पाचाच्या जुडीत, वरून गर्द आणि खालून राखाडी. काट्यांची टोकं खाली वळलेली, त्यामुळे हात आत घालताना लागत नाहीत, बाहेर काढताना लागतात. वास घ्यायचा तो याच वेळी. सुगंधाची द्रव्यं फुलात रात्री-पहाटे तयार होऊन साठतात आणि ऊन तापलं की उडून जातात. दहा वाजता तेच फूल नाकाशी धरलं तर निम्मा वास गेलेला असतो. पूजेची फुलं सूर्य वर यायच्या आत खुडायची ही आजीची शिस्त आणि अत्तराच्या भट्टीसाठी पहाटे फुलं तोडणाऱ्यांची घाई, दोन्हीमागे कारण एकच.

ज्या गुलाबाबद्दल मी हे लिहिते आहे तो रोपवाटिकेतला पिवळा, दुरंगी, ताटाएवढा गुलाब नव्हे. घरोघरी 'गावठी' म्हणून ओळखला जाणारा, मध्यम आकाराचा, गुलाबी, मोकळ्या पाकळ्यांचा, देठ मऊ असलेला आणि वासाने भरलेला तो हा. हातात घेतला की लगेच पाकळ्या गळू लागतात. फुलदाणीत दोन दिवस टिकत नाही. म्हणून बाजाराने त्याला टाकून दिलं. पण हारात, पूजेत, गुलकंदात त्याच्या तोडीचं फूल नाही. आपल्याकडे देशी म्हणून जे वाण रूढ झाले त्यांतला एक 'एडवर्ड' या नावाने बागायतीच्या पुस्तकांत येतो. त्याची वंशावळ थक्क करणारी आहे. युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच, त्यांच्या वसंतात फुलत. वर्षभर पुन्हा पुन्हा फुलणारा गुलाब चीनचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून युरोपात गेला. त्यातली बरीच रोपं कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानामार्गे गेली, म्हणून त्याला 'बेंगॉल रोझ' म्हणू लागले. हिंदी महासागरातल्या रेयुनियॉं बेटावर मळेवाले शेताच्या कुंपणाला हा चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब शेजारी शेजारी लावत. तिथे दोघांचा आपोआप संकर झाला. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ब्रेऑं नावाच्या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने तो हेरला आणि बी पॅरिसला पाठवलं. बेटाचं जुनं नाव बूर्बों, म्हणून हे बूर्बों गुलाब. आपला एडवर्ड त्याच घराण्यातला. एका बाजूने चीन, दुसऱ्या बाजूने इराण-सीरियाकडचा दमास्क.

वर्षभर फुलण्याचा हा गुण नेमका कुठून आला तेही आता कळलं आहे. फुलणं रोखून धरणारं एक जनुक असतं. चिनी गुलाबात त्या जनुकात मध्येच एक तुकडा घुसला आणि त्याचं काम बंद पडलं. लगाम सुटला, झाड फुलतच राहिलं. 'ओल्ड ब्लश' या जुन्या चिनी गुलाबाचा संपूर्ण जनुकीय आराखडा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वासाचं कोडं त्याआधी, २०१५ मध्ये सुटलं. फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिलं की गुलाबाच्या वासाचा मोठा भाग एका वेगळ्याच विकरामुळे तयार होतो आणि बिनवासाच्या वाणांत ते विकर जवळजवळ गप्प असतं. फूल टिकावं, देठ लांब व्हावा, खोक्यात दबू नये, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना वास हातातून निसटला. फुलवाल्याकडचा गुलाब नाकाशी नेल्यावर जो हिरमोड होतो त्याचं कारण हे आहे.

इराणचं नाव निघालं की डहाणूत थांबावंच लागतं. इथून जवळच, आता गुजरातेत असलेल्या संजाणला पारशांचे पूर्वज उतरले. संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बोर्डीजवळच्या बारडाच्या डोंगरात, बहरोटच्या गुंफेत, बारा वर्षं जपून ठेवला अशी परंपरा आहे. तोच अग्नी १७४२ पासून उदवाड्यात आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द आणि केरमानकडून इराणी जरथोस्ती कुटुंबं आली. त्यांतली काही डहाणू-घोलवडला वाड्या करून राहिली. त्यांच्या रीतिरिवाजात गुलाब मुरलेला आहे. शुभकार्याच्या ताटात, ज्याला ते 'सेस' म्हणतात, चांदीची गुलाबदाणी असतेच. पाहुण्याच्या हातावर गुलाबपाणी शिंपडायची रीत आपल्याकडच्या लग्नांतही होती. बुंदहिश्न या त्यांच्या जुन्या ग्रंथात एकेक फूल एकेका दैवी शक्तीला वाहिलेलं सांगितलं आहे, त्यात शंभर पाकळ्यांचा गुलाब 'दीन' या धर्मशक्तीचा आहे. २१ मार्चला जमशेदी नवरोज येतो, तेव्हा इराणात वसंत नुकताच सुरू होतो. तिथल्या काशान भागातला गुलाब फुलायला मे उजाडतो. इथे डहाणूत नवरोजला झाडावर हंगामाची शेवटची फुलं असतात. वाडीतल्या घरात उंबरठ्यावर रांगोळी, दाराला फुलांचं तोरण आणि त्यात गुलाब पुरायचा असेल तर डिसेंबरअखेरची छाटणी थोडी पुढे ढकलावी लागते.

मात्र वाडी म्हटली की तिच्या मालकाचंच चित्र काढायचं ही सवय मला पटत नाही. आळी कोणी खणली? विहिरीचं पाणी कोणी काढलं? या मातीतली मेहनत प्रामुख्याने वारल्यांची. आणि एक काळ असा होता की त्या मेहनतीला मोल नव्हतं. जमीनदार आणि सावकारांकडे वेठ होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी जन्मभर राबणारा 'लग्नगडी' होता. २३ मे १९४५ रोजी झरीला किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठ करणार नाही असं ठरवलं. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी उभा केलेला तो लढा गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आहे. ज्याच्या पायाखालची जमीन उद्या राहील की नाही याचा भरवसा नाही तो माणूस नाचणी पेरील, दुधीचा वेल चढवील, पण गुलाब लावणार नाही. गुलाब पोट भरत नाही आणि चांगलं फूल यायला दुसरं वर्ष लागतं. म्हणून तलासरीच्या पाड्यांवर, कुडाच्या घराला लागून एखादं गुलाबाचं झाड दिसलं की मला त्यात त्या घराचा जमिनीवरचा विश्वास दिसतो. शेणाने सारवलेलं अंगण, भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक, कडेला झेंडू, सदाफुली, तगर आणि मधेच हा काटेरी पाहुणा.

अंगणाला या भागात फार मोल आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा विचार इथे रुजला आणि पुढे देशभर अंगणवाडी झाला. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीच्या आसपासच्या गावांनी ऐन थंडीत घराबाहेर, तंबूत रात्री काढल्या. त्या वेळीही माणसांना आसरा मिळाला तो अंगणाचाच.

आता कातरीकडे वळू. कोकणच्या या टोकाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. गुलाबाला पाणी हवं पण मुळाशी साचलेलं नको. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके येतात, पानं पिवळी पडून गळतात, आणि भाद्रपदात झाड बघवत नाही. अनेक जण इथेच धीर सोडून झाड उपटतात. तसं करू नये. रात्री भुंगेरे पानं कुरतडतात, ते हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकले तरी पुरतं. पाऊस आश्विनात मागे हटला की आठ-दहा दिवस जमीन वाफशावर येऊ द्यायची आणि मग छाटणी.

देशावर, पुणे-नाशिककडच्या भारी काळ्या जमिनीत, छाटणीआधी मुळं उघडी करून झाडाला पाण्याचा ताण देतात. पुस्तकात वाचून ही रीत बंदरपट्टीत उचलली जाते आणि झाडं जातात. रेताड जमीन आधीच पाणी धरत नाही, तिथे मुळं उघडी टाकली की ती वाळतातच. इथे वरची माती खुरप्याने हलवून शेणखत मिसळायचं, मूठभर निंबोळी पेंड घालायची, एवढं पुरे.

छाटणीला सिकेटर धारदार हवा. बोथट असला तर काडी चिरडते आणि चिरडलेल्या जागेतून फांदी वरून खाली काळी पडत वाळत येते. आपल्याकडच्या दमट हवेत गुलाब मरतो तो बहुधा याच दुखण्याने. आधी मेलेलं लाकूड काढायचं. कापल्यावर आतला गर पांढरा-हिरवा दिसेपर्यंत खाली यायचं. तपकिरी दिसला तर अजून खाली. मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांतली बारीक काढायची. राहिलेल्या फांदीवर बाहेरच्या अंगाला असलेला डोळा शोधायचा. तो पानाच्या देठाच्या बेचक्यात, लालसर, तांदळाच्या कणीएवढा असतो. त्याच्या पाव इंच वर, डोळ्याच्या उलट बाजूला उतार राहील असा काप घ्यायचा, म्हणजे दंवाचं पाणी डोळ्यावर ओघळत नाही. कापाला बोर्डो पेस्ट लावायची. घरात नसेल तर काही जण हळदीचा लेप लावतात. गावठी गुलाबाला फार खाली छाटू नये, त्याला कंबरेएवढी उंची ठेवली तर तो खुशीत राहतो. रोपवाटिकेतून आणलेल्या कलमी गुलाबाला मात्र बुडाशी, डोळा भरलेल्या गाठीच्या खालून येणारी फूट दिसली की मुळापासून ओढून काढावी. ती खुंटाची फूट असते. ठेवली तर वर्षभरात कलम मरतं आणि खुंट माजतो. 'माझ्या लाल गुलाबाला अचानक बारकी फुलं येऊ लागली' असं लोक सांगतात त्यामागे बहुतेक वेळा हीच गोष्ट असते.

छाटणीपासून फुलापर्यंत दीड-दोन महिने जातात. दसरा-दिवाळीच्या दरम्यान छाटलं की मार्गशीर्षात पहिला बहर. तो ओसरल्यावर, डिसेंबरच्या उत्तरार्धात, सुकलेली फुलं दोन-तीन पानांसह कापली की दुसरा बहर माघात येतो. तो पहिल्यापेक्षा भारी असतो, कारण तोवर झाडाला नवी पानं आलेली असतात आणि रात्री गार असतात. जानेवारीत कोवळ्या शेंड्यांवर भुरी येते, पिठी भुरभुरल्यासारखी. झाड दाटलेलं असलं आणि संध्याकाळी पानांवर पाणी मारलं की ती वाढते. पाणी सकाळी आणि बुडाशी द्यावं. मावा दिसला तर आधी पाण्याचा जोराचा फवारा मारून बघावा. मावा खाणारे चित्रांगी भुंगेरे आठवडाभरात येतात. औषध मारलं तर तेही मरतात.

घरचा गुलाब फवारणीविना ठेवायचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण गुलकंद. फुलबाजारातला गुलाब कितीही स्वस्त मिळाला तरी तो खायचा नसतो, कारण त्याच्यावर काय काय मारलंय ते सांगता येत नाही. फाल्गुनात हवा कोरडी असते, ऊन कडक असतं, गुलकंदाला यासारखे दिवस नाहीत. सकाळी खुडलेल्या फुलांच्या पाकळ्या सोडवायच्या, बुडाचा पांढरा भाग कडवट लागतो म्हणून चिमटून टाकायचा, पाकळ्या सावलीत पसरून वरची ओल जाऊ द्यायची. मग काचेच्या बरणीत एक थर पाकळ्यांचा, एक थर कुटलेल्या खडीसाखरेचा, दोन्ही सारख्या वजनाने. तोंडाला फडकं बांधून बरणी रोज उन्हात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साखरेला पाणी सुटतं, पाकळ्या निम्म्यावर बसतात आणि रंग जांभळट होतो. रोज लाकडी चमच्याने खालीवर करायचं. तीन-चार आठवड्यांत पाकळी जिभेवर विरघळते. रोज आठ-दहाच फुलं मिळत असली तरी बिघडत नाही, बरणीत नवा थर चढवत जायचा. वैशाखात दुधातून तो गुलकंद घेताना माघाची सगळी सकाळ तोंडात येते.

फेब्रुवारी आला की वर्तमानपत्रांत गुलाबाच्या बातम्या मावळच्या येतात. तळेगाव-मावळ भागात पॉलिहाऊसमध्ये नेटाल ब्रायर खुंटावर भरलेले 'टॉप सीक्रेट', 'ताजमहाल' असे वाण लाखोंनी फुलतात आणि व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशात आणि मोठ्या शहरांत जातात. तो कष्टाचा, हुशारीचा धंदा आहे. पालघर जिल्ह्यात फुलांचा धंदा आहे तो मोगऱ्याचा. जव्हार, विक्रमगडकडच्या आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याच्या बागा उभ्या केल्या आणि त्यांच्या कळ्या दादरच्या फुलबाजारात पोचतात. गुलाब या भागात अंगणातच राहिला. त्यामुळे त्याची मोजदाद नाही, त्याला अनुदान नाही, आणि तो कमी होतोय हे कुणाच्या कागदावर येत नाही.

तो कमी होतो आहे. बंदरपट्टीत विहिरींना मचूळ पाणी लागण्याची तक्रार जुनी आहे, आणि गुलाब मिठाला फार नाजूक. आधी पानांच्या कडा तपकिरी होतात, मग फांद्या सुकतात. उन्हाचंही तसंच. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत जास्त होतं. २०२५ चा फेब्रुवारी सरासरी तापमानाने १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. ज्या गार रात्रींवर माघाचा बहर उभा आहे त्या रात्रीच आक्रसत चालल्या आहेत. आणि जमीन. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. पाचशे मेगावॉटच्या औष्णिक केंद्राच्या राखेबद्दल बागायतदारांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने १९९६ पासून पहारा दिला. त्याच्या आग्रहामुळे २००७ मध्ये धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसली. वाढवणच्या प्रस्तावित बंदराला याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला होता. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. ३१ जुलै २०२३ रोजी बंदराला प्राधिकरणाची परवानगी मिळाली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. तलासरी-डहाणूतून बुलेट ट्रेन आणि द्रुतगती महामार्गही जात आहेत. भूसंपादनाच्या पंचनाम्यात चिकूचं झाड मोजतात, आंब्याचं मोजतात. ओट्यापुढचा गुलाब फळझाडांच्या यादीत बसत नाही. माझं मत विचाराल तर ज्या घरांना उठावं लागेल त्यांना नव्या जागी अंगणासह घर मिळालं पाहिजे. चटईक्षेत्राच्या हिशेबात अंगण धरत नाहीत, आणि अंगण गेलं की गुलाबासोबत तुळस, झेंडू, अळू, मिरचीही जाते.

कलमी गुलाब हवे तेवढे विकत मिळतील. गावठी गुलाब सहसा विकत मिळत नाही, तो कुणीतरी द्यावा लागतो. सुदैवाने त्याला कलम भरायची गरज नाही, काडी खोचली की जगतो. हे करायचं ते छाटणीच्याच दिवसांत. छाटलेल्या काड्या जाळू नका. त्यातल्या पेन्सिलीएवढ्या जाड, निरोगी काड्या वेचा. प्रत्येकीवर चार-पाच डोळे राहतील असे वीतभर तुकडे करा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा घ्या. खालचे दोन डोळे जमिनीत जातील अशा त्या रेती-माती-शेणखताच्या पिशवीत खोचा, सावलीत ठेवा, माती ओली राखा आणि हलवून पाहण्याचा मोह दीड-दोन महिने आवरा. पहिल्या माघात कळ्या आल्या तर खुडून टाका, झाड मुळावर वाढू दे. दुसऱ्या माघात फूल घ्या. आणि दहा काड्या लावल्यात तर त्यातल्या पाच तरी शेजारच्या घरी, जवळच्या अंगणवाडीत किंवा पाड्यावरच्या ओळखीच्या घरी नेऊन द्या.